डागडुजीला अनुदान नाही

पाडवा झाला. गहू-हरभरा घरात आला, कांदा बराचसा निघाला, ऊसतोडीच्या टोळ्या परतीच्या वाटेला लागल्या. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत आता दीड-दोन महिने हाताला थोडी उसंत असते. उसंत म्हटली की लग्नसराई, जत्रा आणि पारावरच्या गप्पा हे ठरलेलंच. त्याला कुणाची हरकत नाही. पण याच दिवसांत आणखी एक काम गावोगाव व्हायचं, ते मात्र मागं पडत चाललं आहे. ते काम म्हणजे डागडुजी. घराचं छप्पर, मोरीचा पाइप, विजेची वायर, परसातलं कुंपण, नदीकाठी बांधलेली होडी. यातलं काहीही विचारा, उत्तर एकच मिळतं, "बघू की, रोहिणीत करून टाकू."

रोहिणी निघते २५ मेच्या सुमारास. पूर्वी तिथून मृगापर्यंत पंधरा दिवस हातात असायचे, निदान तसा हिशेब तरी होता. तो हिशेब आता चालत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. एरवी तिथं तो ११ जूनच्या आसपास येतो. त्याच्या आधीही मे महिनाभर अवकाळीनं झोडपलं ते वेगळंच. ज्यांनी पत्रे आणि वायरी रोहिणीवर सोडल्या होत्या, त्यांना त्या वर्षी शिडी लावायला कोरडा दिवस मिळाला नाही. तेव्हा डागडुजीचा महिना मे नव्हे, चैत्र धरा. अक्षय्य तृतीयेच्या आत हे काम उरकलं पाहिजे.

हे सांगायला शेतीच्या पानाची जागा कशाला अडवायची, असं कुणी म्हणेल. तर दोन घटना आठवून बघा. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी उजनीच्या पाण्यात करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, जून २०२४ मध्ये, आपल्या दौंड तालुक्यातल्या दापोडी गावात कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली आणि एकाच घरातले आई, वडील आणि मुलगा गेले. दोष कुणाचा हे ठरवणं आमचं काम नाही. पण दोन्ही ठिकाणी माणसं रोजच्याच कामात होती. एकीकडे पलीकडच्या तीरावर जायचं होतं, दुसरीकडे ओला कपडा तारेवर टाकायचा होता. शेतात साप निघेल म्हणून आपण बॅटरी घेऊन जातो, आणि घरातल्या तारेकडे वर्षानुवर्षं बघत नाही.

आधी होडीचं बोलू, कारण तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. अलीकडे एक तालुका, पलीकडे दुसरा. कुणाची सासुरवाडी पलीकडे, कुणाचं रान पलीकडे. पूल झाले, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले आणि त्यांच्यावरून चालत जायची सोय झाली, तशी येण्या-जाण्याची नाव कमी होत गेली. पण होडी संपलेली नाही. मासेमारी करणाऱ्यांची रोजीरोटी तिच्यावर आहे. दौंड तालुक्याच्या पूर्व कडेला, खानवटे-मलठणच्या बाजूला, उजनीचं फुगवट्याचं पाणी येतं. तिथं उन्हाळ्यात पाणी हटलं की मोटारी, पाइप आणि केबल पुढं सरकवायला होडीच लागते. आणि आता आपल्याकडे 'बोट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं वाळूवाल्यांची बोट येते, महसूलवाले जिलेटिन लावून उडवतात ती. त्या बोटींनी नदीचा तळ तर खरवडलाच, पण साध्या होडीवाल्याचं नावही खराब केलं. नाव दाखवायला, नोंदवायला तो बिचारा बिचकतो.

या काठाला नाव काही आजची नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली, शंभरावर घरांचे अवशेष निघाले, पाण्याचा पाट निघाला. त्यातच एका दफनात मातीचं भांडं मिळालं, त्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. म्हणजे घर, पाट आणि होडी या तिन्ही गोष्टी आपल्या या मातीत एकाच माणसाच्या संसारात होत्या. आपल्या पंजोबांच्या काळात नाव नसली तर परसातले वाळलेले भोपळे बांधून सांगड करायचे आणि तिच्यावर नदी उतरायचे. पुराच्या वेळी गुऱ्हाळातली काहीलही पाण्यात सोडायचे. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं आजही कमी नाहीत, पण काहिलीत बसून पूर बघायला जाऊ नका. ती गोल असते, वल्हं मारलं की जागच्या जागी फिरते.

आता होडीचं काम. होडी पत्र्याची असो, लाकडाची असो की फायबरची, वर्षातून एकदा ती पाण्याबाहेर ओढून पालथी घातलीच पाहिजे. पाण्यात तरंगत्या होडीचा तळ दिसत नाही, आणि रोग असतो तळालाच. पत्र्याची असेल तर आठ दिवस वाळू द्या, तारेच्या ब्रशनं गंज खरवडा. खरवडताना पत्रा कुठं पापडासारखा दबतो का ते अंगठ्यानं दाबून बघा. दबत असेल तर तिथं डांबर आणि फडकं लावून भागणार नाही, नवा तुकडा वेल्डिंग करून घ्या. मग रेड ऑक्साईडचे दोन हात, आणि ते पक्के वाळल्यावर वरून ऑइलपेंट. छिद्र सापडत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. होडी सुलटी करा, दोन ओंडक्यांवर ठेवा आणि आत वीतभर पाणी भरा. बाहेरून जिथं थेंब धरेल तिथं खडूनं खूण करा.

लाकडी होडीची तऱ्हा उलटी. तिला कडक उन्हात आठ दिवस टाकली तर फळ्या आक्रसतात आणि सांधे उघडतात. म्हणून ती सावलीत वाळवायची, वरून ओलं पोतं टाकायचं, सांध्यात कापूस किंवा चिंध्या घट्ट ठासून वरून डांबर द्यायचं. फायबरच्या होडीला चीर गेली तर पॉलिश पेपरनं घासून, मॅट घालून रेझिन आणि हार्डनर लावावं लागतं. पण ती जागा पुरती कोरडी पाहिजे. ओलसर फायबरवर मारलेलं रेझिन पहिल्याच पावसात सुटून येतं. फायबरवाले हे काम रोहिणीवर ठेवतात तेव्हा पैसे अक्षरशः पाण्यात जातात.

होडीच्या अंगावर बाहेरून एक पट्टा रंगवा. रिकामी होडी पाण्यात किती बुडते, भरल्यावर कुठवर बुडालेली चालते, हे होडीवाल्याला माहीत असतं; पण बसणाऱ्याला नसतं. पट्टा पाण्याखाली गेला की एक माणूस उतरवायचा, मग तो सरपंच असो की होडीवाल्याचा जावई. प्रत्येक होडीत माणशी एक लाइफ जॅकेट असावं हे उत्तम. ते येईपर्यंत निदान घट्ट झाकणाचे वीस लिटरचे रिकामे कॅन दोरीनं होडीच्या आतल्या कडेला बांधा. असा एक कॅन सुमारे वीस किलो भार पाण्यावर धरतो, आणि बुडत्या माणसाचं डोकं वर ठेवायला तेवढं पुष्कळ झालं. कॅन औषधाचा नको. त्यातला उरलासुरला थेंब पाण्यात जातो, शिवाय लोक पुढं त्याच कॅनमधून पिण्याचं पाणी नेतात. आणि वळवाचे ढग दिसले, वारा पडून एकदम कोंदट झालं, तर दुपारनंतर पाण्यात जायचंच नाही. तळाची दुरुस्ती माणूस करू शकतो, वाऱ्याची नाही.

भीमेच्या वरच्या अंगाला, वाळकी-रांजणगाव सांडस भागात मुळा-मुठा येऊन मिळते. ती पुणे-पिंपरीचं पाणी आणते आणि जलपर्णीही आणते. जलपर्णीत अडकलेली होडी बाहेर काढायला लोक बांबूनं जोर लावतात, आणि जुना तळ नेमका तिथंच जातो. ही जलपर्णी काढून परसात खत करावं असं काही जण सुचवतात. माझं मत विचाराल तर शहराच्या पाण्यावर वाढलेली जलपर्णी भाजीच्या वाफ्यात घालू नये. ही वनस्पती पाण्यातले जड धातू ओढून घेते. शेणात कुजवून ती शोभेच्या झाडांना घाला, मेथी-पालकाला नको.

घराकडे वळू. आपल्या भागात जुनी धाब्याची घरं अजून आहेत. त्यांच्यावर दरसाल पांढऱ्या मातीचा थर द्यायची रीत होती. आता माती आणणारा गाढववाला मिळत नाही, आणि मिळाला तर पोरांना लाज वाटते. थर दिला नाही तर निदान धाब्यावर उगवलेलं गवत मुळासकट काढा आणि पन्हाळी मोकळ्या करा. पाणी तुंबलं की भिंत फुगते, आणि मातीची भिंत एकदा फुगली की ती पडायची थांबत नाही, फक्त वेळ घेते.

पत्र्याच्या घरांची संख्या मोठी. वळवात पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवायची पद्धत पडली आहे, ती आधी बंद करा. वारा आला की पत्रा उडतो तो उडतोच, आणि दगड खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावर येतो. पत्र्याला वाकड्या हुकाचे बोल्ट असतात, त्यांच्याखाली डांबरी वायसर असतात. उन्हानं ते वायसर दोन-चार वर्षांत तडकतात. थेंब गळतो तो तिथूनच. वायसर बदला, बोल्ट आवळा, आणि कडेचे पत्रे वाश्याला तारेनं पक्के बांधा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

वीज मात्र अर्ध्या दिवसाची म्हणून स्वतःच्या हातानं करू नका, परवानाधारक वायरमन बोलवा. बघायचं काय, ते मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. खांबावरून येणारी वायर पत्र्याच्या कडेला घासते का? घासत असेल तर तिथं प्लास्टिकचा पाइप घालून घ्या. पत्र्याची कड करवतीसारखी असते, वाऱ्यानं वायर हलत राहते आणि वरचं आवरण कापलं जातं. मग सगळं घरच विजेचं होतं. कपड्यांची तार पत्र्याच्या शेडला किंवा लोखंडी खांबाला बांधलेली आहे का? आजच सोडा, नायलॉनची दोरी बांधा. दोरीला काय लागतात ते पैसे आणि दापोडीतल्या घराचं झालेलं नुकसान यांचा हिशेब मांडायची गरज नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ आहे का, उन्हाळ्यात कुणी त्यात पाणी ओततं का? आणि जमेल त्यानं मीटरजवळ तीस मिलिअँपिअरला पडणारा गळती-बटण, म्हणजे ज्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात तो, बसवून घ्यावा. अंगातून करंट जायला लागला की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो वीज तोडतो. फ्यूज तोडत नाही. आपल्याकडे तर फ्यूजला जाड तार घालून त्याचं तोंडच बंद केलेलं असतं.

परसबागेचं थोडक्यात. मोरीचं पाणी उघड्यावर सोडण्यापेक्षा आळ्यात फिरवा. केळ, अळू, कर्दळ आणि पुढं शेवगा, हा क्रम ठेवा. पालेभाजी मात्र या पाण्यावर नको. दोडका, कारलं, दुधी, वाल यांचे मांडव आताच दुरुस्त करा. वेल चढल्यावर मांडव हलवता येत नाही. बी घरचं राखा. दुधीचा एक भोपळा वेलावरच पिकू द्या, वाळवून माळ्यावर टांगा. सांगड बांधायची आता गरज नाही, पण बी तरी राहील.

एवढं सगळं सोपं असूनही का होत नाही? आळस हे उत्तर अर्धवट आहे. आमच्यासारखी खात्याची माणसं गावात येतात ती नव्या वस्तूची योजना घेऊन. नवं ठिबक, नवं शेततळं, नवं अवजार. त्यासाठी अर्ज आहे, छाननी आहे, फोटो आहे, अनुदान आहे. पण ठिबकची गाळणी दर आठवड्याला धुवायला अनुदान नाही, आणि फाटलेल्या जाळीचा फोटो कुणी काढत नाही. नव्याला मान, जुन्याला वाट. मग शेतकऱ्यालाही वाटतं की ही वस्तू मोडेल तेव्हा बघू, तोवर नवी योजना येईल. यात बदल वरून व्हायला पाहिजे हे खरं. पण तो होईपर्यंत होडीचा तळ थांबणार नाही.

बंधाऱ्यांचंच बघा. पावसाळा सरला की आपण ढापे टाकतो, फटीतलं रबर खराब असतं, पाणी रात्रंदिवस झिरपतं आणि मार्चात पात्र उघडं पडतं. मग आपण निवेदन देतो, रास्ता रोको करतो. निवेदन द्यावंच. पण ते देऊन घरी आलेल्या माणसाच्या मोरीतली तोटीही तशीच गळत असते, खाली हंडा लावलेला असतो. एकदा रात्री हंडा लावून बघा, सकाळी किती भरतो ते.

पूर्वी गावात याची व्यवस्था होती. सुतार, लोहार, कोळी यांना सुगीला बलुतं मिळायचं, आणि त्याच्या बदल्यात वर्षभर औताची, घराची, नावेची दुरुस्ती व्हायची. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाडा' १९१५ साली लिहिला, त्यात ही सगळी घडण मांडली आहे. त्या व्यवस्थेत जातीची सक्ती होती, माणसाला जन्मानंच कामाला जुंपलं जात होतं. ती गेली ते बरंच झालं. पण वर्षाचा करार करून दुरुस्ती करून घ्यायची, मोडायच्या आधी माणूस बोलवायचा, ही त्यातली शहाणी गोष्टही तिच्याबरोबर गेली. आता रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कंपनीत तेच होतं, त्याला मेंटेनन्स म्हणतात. आपलीच पोरं तिथं तक्ता बघून ठरल्या दिवशी मशीनला ग्रीस मारतात, सही करतात. तोच पोरगा घरी येतो तेव्हा स्टार्टरच्या पेटीचं झाकण वर्षभर सुतळीनं बांधलेलं असतं. त्याला कुणी विचारलंच नाही, की बाबा, एक तक्ता घराचाही लिही.

आणि आणखी एक. गळती कुठं आहे हे आधी कळतं ते घरातल्या बाईला. थेंब तिच्या चुलीजवळ पडतो, शॉक तिला बसतो, तोटी तिला दोनदा पिळावी लागते. ती सांगते, "अहो, त्या तारेला हात लावला की मुंग्या येतात." आणि आपण म्हणतो, चप्पल घालून हात लावत जा. मुंग्या येणं ही शेवटची सूचना असते. डागडुजीची यादी करायची तर तिच्यापाशी बसून करा, आणि पैसेही तिच्याच हातात द्या.

१ मेला महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा आहे. नदीकाठच्या ग्रामपंचायतींनी त्या सभेत दोन विषय घ्यावेत. पहिला, गावातल्या होड्यांची यादी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याची तरतूद आहे, तेव्हा यात नवं काही नाही. मालकाचं नाव, होडी कशाची, तळ कधी बघितला, माणसं किती, एवढे चार रकाने पुरेत. वाळूची बोट आणि मासेमारीची होडी वेगळी ओळखायलाही ही यादी कामाला येईल. दुसरा विषय, पत्र्याच्या घरांच्या वायरी. तालुक्याच्या आय.टी.आय.मधली वायरमन आणि वेल्डरच्या वर्गातली मुलं, त्यांचे शिक्षक आणि परवानाधारक वायरमन असा एक चमू दोन दिवस गावात फिरवा. मुलांचा सराव होईल, गावाचं काम होईल. जेवण गावानं द्यावं.

होड्या २५ एप्रिलपर्यंत काठावर ओढून पालथ्या घातल्या, तर १ मेला यादी लिहिताना त्यांचे तळ सगळ्यांना उघडे दिसतील, आणि चौथा रकाना कुणाला खोटा भरता येणार नाही.